दाखल्यासाठी उपचार थांबवू नका

वाचकाचे पत्र : आम्ही दिंडोरी तालुक्यात राहतो. मिस्टर द्राक्षबागेत रोजंदारीवर जातात. माझा मुलगा तीन वर्षे दोन महिन्यांचा आहे. जन्मल्यावर तो लगेच रडला नाही, अकरा दिवस काचेच्या पेटीत होता. अजून आधाराशिवाय बसत नाही, उचलले की पाय कात्रीसारखे ताठ होतात. नाशिकच्या एका खासगी डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) असे निदान करून फिजिओथेरपी सांगितली. एका वेळचे चारशे रुपये आणि येण्याजाण्याचा खर्च झेपेना, म्हणून दीड महिन्यात ती बंद झाली. एका सरकारी ठिकाणी चौकशी केली तेव्हा खिडकीवरच सांगितले, "आधी टक्केवारीचा दाखला आणा, आणि तो पाच वर्षांनंतरच निघतो." एक जण पाच हजारांत दाखला काढून देतो म्हणतो. सासरे स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) उपचारासाठी वीस गुंठे विकायला निघाले आहेत. सासूबाई म्हणतात, मी ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले. मी काय करावे?

उत्तर :

ताई, खिडकीवर तुम्हाला जे उत्तर मिळाले ते दोन्ही अंगांनी चुकीचे होते, आणि त्या एका वाक्यापायी तुमच्या मुलाचे जे महिने वाया गेले त्यांची हळहळ पत्र वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. उपचार सुरू करण्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागत नाही. दाखला पाच वर्षांनंतरच निघतो, असा सरसकट नियमही नाही. या दोन गोष्टी आधी पक्क्या धरा.

रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात मी बरीच वर्षे काम केले. साडीच्या दुकानाच्या पिशवीत कागद गुंडाळून आणणाऱ्या कितीतरी आया त्या काळात समोर बसल्या. पिशवीतले डिस्चार्ज कार्ड घडीवर फाटून त्याचे दोन तुकडे झालेले असत, लेकरू कडेवर ताठ झालेले असे, आणि आईचे पहिले वाक्य असे "दाखल्यासाठी आले". "पोराला बसता येत नाही म्हणून आले" असे क्वचितच कोणी म्हणे, कारण दाखला हेच पहिले काम आहे असे त्यांना वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने सांगितलेले असे. वास्तविक दाखल्यावर सवलती मिळतात. उपचार केसपेपरवर मिळतात. दाखल्याचा बोर्ड, म्हणजे दाखला देणारे डॉक्टरांचे मंडळ, आणि मुलांची ओपीडी एकाच आवारात असल्यामुळे ही गल्लत होते, आणि तिची किंमत मुलाला मोजावी लागते, कारण मेंदू नवे शिकायला सर्वांत तयार असतो तो पहिल्या काही वर्षांतच.

तेव्हा पहिले काम म्हणजे मुलाला घेऊन नाशिकला त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सगळे ज्याला 'सिव्हिल' म्हणतात तिथे, जाणे. केसपेपर काढताना "डीईआयसीत दाखवायचे आहे" असे स्पष्ट सांगा. डीईआयसी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर ही केंद्रे उभी राहिली. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तोही आपल्याच राज्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून. जन्मजात व्यंग, पोषणातील कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला विलंब अशा चार प्रकारच्या अडचणी जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत शोधून त्यांवर मोफत उपचार करणे हा त्याचा हेतू आहे, आणि गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयातील शस्त्रक्रियाही त्यातच येते. डीईआयसीत बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांनी एकाच छताखाली मूल तपासावे अशी रचना आहे. सगळी पदे सदैव भरलेली असतात असे मी म्हणणार नाही. जो तज्ज्ञ त्या दिवशी नसेल त्याचा वार विचारून घ्या आणि केसपेपरवर लिहून घ्या. हे केंद्र प्रामुख्याने सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. म्हणजे तुमच्या हातात अजून जवळजवळ तीन वर्षे आहेत, आणि ती पुष्कळ आहेत.

खर्चाची धास्ती इथे बाळगू नका. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत केलेले आहेत. प्रवासाचेही गणित तुम्हाला वाटते तितके जड नाही : एसटीत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नसते आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे दिंडोरीहून नाशिकला तुम्ही दोघे एका अर्ध्या तिकिटावर याल. पुढे दाखला मिळाल्यावर मुलाला पाच वर्षांनंतरही पंचाहत्तर टक्के सवलत मिळते, आणि दिव्यांगत्व पासष्ट टक्क्यांहून अधिक असेल तर सोबतच्या माणसालाही निम्मी सवलत असते.

तुम्ही थेट गेलात तरी चालेल, पण अंगणवाडी ताईंमार्फत गेलात तर पाठपुरावा सोपा होतो. या कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासायला येतात. तुमचा मुलगा बसत नाही म्हणून तुम्ही त्याला अंगणवाडीत नेत नसाल, तर पथक येऊन गेल्याचे तुम्हाला कळतही नसेल. त्याचे नाव अंगणवाडीच्या यादीत आहे का ते आजच पाहा. नाव तिथे असणे हा त्याचा हक्क आहे. तो चालतो की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. पथकाच्या डॉक्टरांनी दिलेली रेफर चिठ्ठी घेऊन गेलात तर केंद्रातल्या नोंदवहीत तो येतो, आणि तारीख चुकली की चौकशी करण्याची जबाबदारी त्यांच्यावरही पडते.

पहिल्या भेटीसाठी एक साधी फाईल करा. जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड सर्वांत वर ठेवा, कारण मूल किती वेळाने रडले, वजन किती होते, कावीळ किंवा झटके आले होते का, हे सगळे त्यात असते आणि दोन्ही कामांना, उपचाराला आणि पुढे दाखल्याला, तोच कागद लागतो. लसीकरणाचे कार्ड, खासगी डॉक्टरांची चिठ्ठी, एमआरआय काढला असेल तर त्याची फिल्म आणि रिपोर्ट त्यामागे लावा. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढा आणि मूळ कागद कोणाच्याही हाती कायमचा देऊ नका.

डॉक्टरांना काही गोष्टी तुम्ही आपणहून विचारा, कारण गर्दीच्या ओपीडीत त्या राहून जातात. डोळे आणि कान तपासायचे का? सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना ऐकू कमी येणे किंवा तिरळेपणा असणे नवे नाही, आणि "हाक मारली तरी बघत नाही" याचे कारण कधी कधी बुद्धीत नसून कानात असते. खुब्याचा एक्स-रे काढायचा का? जी मुले उभी राहत नाहीत त्यांचा खुबा हळूहळू जागेवरून सरकतो, सुरुवातीला दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि उशिरा कळला तर शस्त्रक्रिया मोठी होते. रात्री पायाला स्प्लिंट, म्हणजे पाय ठरावीक स्थितीत ठेवणारा आधार, बांधायचे का? वजन वयाप्रमाणे आहे का? घास गिळताना ठसका लागत असेल तर तेही सांगा. तुमच्या पत्रात फिटचा उल्लेख नाही. पण झोपेत अंग झटकत असेल, किंवा क्षणभर नजर स्थिर होऊन तो हरवल्यासारखा होत असेल, तर मोबाईलवर त्याचे चित्रण करून दाखवा. डॉक्टरांना शंभर शब्दांपेक्षा त्या वीस सेकंदांतून जास्त कळते.

आठवड्यातून तीनदा नाशिकला येणे तुम्हाला जमणार नाही, विशेषतः बागांची कामे ऐन भरात असताना. म्हणून फिजिओथेरपिस्टना सरळ सांगा की, मी पंधरा दिवसांनी येईन, घरी काय करायचे ते मला करून दाखवा आणि तुमच्यासमोर मला एकदा करू द्या. हा मागे पडण्याचा प्रकार समजू नका. दिवसाकाठी वीस मिनिटे टेबलावर पडून करून घेतलेल्या व्यायामापेक्षा आंघोळ, जेवण, खेळ यांत मिसळलेला सराव मुलाच्या अंगी जास्त मुरतो. एक गोष्ट तर आजपासून करता येईल. त्याला उचलताना काखेत धरून सरळ उभा उचलला की पाय कात्रीसारखे होतात. त्याऐवजी त्याचे गुडघे आधी हलकेच वाकवा, पाय फाकवून त्याला कडेवर घोड्यावर बसल्यासारखा घ्या, म्हणजे मांड्या सैल राहतात आणि त्याचे दोन्ही हात पुढे मोकळे होतात. भरवताना आडवा झोपवू नका. दोन भिंतींच्या कोपऱ्यात, पाठीला व दोन्ही बाजूंना गोधडीची गुंडाळी लावून बसवा आणि चमचा समोरून, त्याच्या हनुवटीच्या उंचीवरून न्या. वरून चमचा आला की मान मागे जाते आणि ठसका लागतो. बाकीचे व्यायाम मात्र त्याला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मी इथे लिहिणार नाही.

आता दाखला. उपचार सुरू झाला की त्याच आठवड्यात त्याचाही अर्ज करा. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज भरायचा असतो. तो सेतू केंद्रातून भरता येतो. अर्जाची पावती घेऊन रुग्णालयाच्या दिव्यांग बोर्डाच्या दिवशी मुलाला न्यावे लागते. 'पाच वर्षे' हा आकडा आला कुठून, तेही सांगते. बौद्धिक अक्षमतेच्या बाबतीत केंद्राच्या मार्गदर्शक सूचना असे सांगतात की, एक वर्ष पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र देता येते, पाच वर्षांपर्यंत निदान 'सर्वांगीण विकासातील विलंब' असे लिहावे, आणि पाचव्या, दहाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासावे. म्हणजे पाचव्या वर्षी फेरतपासणी असते, प्रवेशबंदी नव्हे. शिवाय तुमच्या मुलाची अडचण सेरेब्रल पाल्सी आहे, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील एकवीस प्रकारांत तिचे नाव स्वतंत्रपणे आहे. लहान वयात मिळणारा दाखला बहुधा ठरावीक मुदतीचा असतो. त्याने निराश होऊ नका. मुदतीतही तो पूर्ण दाखलाच आहे, फक्त नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. बहुतेक लाभांसाठी चाळीस टक्के ही किमान मर्यादा आहे. टक्केवारी कमी लागली असे वाटले तर त्याच कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येते.

पाच हजारांत दाखला देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. या दाखल्याला शुल्क नाही. आणि खोट्या कागदावर लाभ घेतल्यास कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यात सापडतो तो लाभ घेणारा, दलाल तोवर दुसऱ्या गावी गेलेला असतो. तुमच्या मुलाला खराच दाखला मिळणार असताना खोट्याच्या वाटेला जायचे कारण काय?

दाखला हाती आला की 'निरामय' आरोग्य विमा घ्या. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व या चार प्रकारांसाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची ही योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंतचे संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि विशेष म्हणजे ओपीडीचा व थेरपीचा खर्चही त्यात बसतो, जो इतर विम्यांत सहसा बसत नाही. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला नोंदणी अगदी थोड्या रकमेत होते. अडचण एकच : पैसे आधी आपण भरायचे आणि मग बिले लावून परत मागायचे. म्हणून प्रत्येक पावती मूळ स्वरूपात, तारीख आणि शिक्क्यासह जपून ठेवा. नॅशनल ट्रस्टकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत अर्ज होतो, आणि जिल्ह्यातील अशा संस्थेचा पत्ता डीईआयसीत किंवा रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांकडे मिळेल. या अधीक्षकांना जरूर भेटा. रुग्णालयात त्यांचे पदच तुमच्यासारख्यांसाठी आहे, पण पाटी कोपऱ्यात असल्यामुळे लोक त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल थोडक्यात सांगते. ती आता राज्यातील सर्व कुटुंबांसाठी असून आयुष्मान भारतसह वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देते, पण तिचा उपयोग मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांना व शस्त्रक्रियांना होतो. रोजची थेरपी तिच्यात बसत नाही. पुढे पायाची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया ठरली तर योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे तिथल्या योजनेच्या मदतनिसाला, गाठा, किंवा आधीच १५५३८८ या क्रमांकावर फोन करून कोणते रुग्णालय आणि कोणता उपचार बसतो ते विचारा. रेशनकार्डावर मुलाचे नाव नसेल तर ते मात्र आत्ताच चढवून घ्या. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी पुरवठा कार्यालयाच्या पायऱ्या चढणारे बाप मी पाहिलेले आहेत. योजनेत न बसणारा उपचार निघाला तर धर्मादाय रुग्णालयांचाही पर्याय आहे : त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे, आणि त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो.

आता वीस गुंठ्यांबद्दल. सासऱ्यांना नातवाची माया आहे म्हणूनच ते जमीन काढायला तयार झाले, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका. हे पत्र त्यांना वाचून दाखवा. बाबा, सेरेब्रल पाल्सीवर स्टेम सेलचा उपचार हा सिद्ध झालेला उपचार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताशी संबंधित काही आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर केवळ मान्यताप्राप्त संशोधन चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. जो लाखांत पैसे मागतो तो चाचणी करत नाही, विक्री करतो. जाहिरातीत चालताना दाखवलेले मूल आधी किती अडचणीत होते आणि त्याला सोबत किती महिने फिजिओथेरपी दिली, हे त्या जाहिरातीत नसते. ती जमीन राहू द्या. या मुलाला पुढची अनेक वर्षे आधार लागणार आहे, आणि त्या जमिनीचा उपयोग तेव्हा खरा होईल. आणि ताई, आज मुलाला सासऱ्यांच्या जमिनीपेक्षा त्यांच्या दोन हातांची गरज जास्त आहे : पंधरा दिवसांनी नाशिकला जाताना एकाने मुलाला घ्यायचे आणि दुसऱ्याने रांगेत उभे राहायचे, एवढे वाटून घेतले तरी तुमचा निम्मा भार हलका होईल.

ग्रहणाचा आणि या दुखण्याचा काहीही संबंध नाही. मूल जन्मल्यावर लगेच रडले नाही, म्हणजे त्या काही मिनिटांत मेंदूला पुरेसा प्राणवायू मिळाला नसावा. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूचा जंतुसंसर्ग ही इतर कारणे. गरोदरपणी तुम्ही भाजी चिरली की नाही, सुईत दोरा ओवला की नाही, याने बाळाच्या मेंदूला इजा होत नाही. सासूबाईंना एकदा डीईआयसीत सोबत घेऊन जा. तिथल्या बाकावर बसलेल्या दहा आयांशी त्यांनी घटकाभर बोलावे. डॉक्टरांच्या सांगण्याने जे होत नाही ते त्या बाकावर होते, हा माझा अनुभव आहे.

एवढे करूनही पुन्हा कोणी "दाखला नाही तर उपचार नाही" म्हणाले, तर भांडू नका आणि परतही फिरू नका. २०१६ च्या कायद्याचे कलम २५ दिव्यांग व्यक्तीला, उत्पन्नाच्या अटीला धरून, जवळच्या ठिकाणी मोफत आरोग्यसेवा आणि रुग्णालयात अग्रक्रम देण्याची जबाबदारी शासनावर टाकते, ग्रामीण भागाचा त्यात विशेष उल्लेख आहे. साध्या कागदावर मुलाचे नाव, वय, निदान, तारीख आणि कोणती सेवा नाकारली एवढे चार ओळींत लिहा, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे तो अर्ज आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. बहुतेक वेळा शिक्का बसेपर्यंतच आतून बोलावणे येते. नाहीच आले, तर त्या शिक्क्याच्या प्रतीसह पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार पाठवता येते. तिथे सुनावणी होते, आणि तोंडी सांगितलेल्या गोष्टीची तिथे नोंद नसते, शिक्क्याच्या कागदाची असते.

शाळेचा विषय तुम्ही काढलेला नाही, पण तो दूर नाही. सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा त्याला हक्क आहे, आणि पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात दिव्यांग मुलांसाठीचे विशेष शिक्षक असतात. पाचवे वर्ष लागले की त्यांना भेटा.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ तुम्ही खोडली आहे, तरी ती वाचता येते : तो तुमचा आवाज ऐकून हसतो. ही ओळ डॉक्टरांना पहिल्या भेटीत नक्की सांगा. तो आवाज ओळखतो, माणूस ओळखतो, आणि प्रतिसाद देतो, ही त्यांच्या दृष्टीने केसपेपरवर लिहिण्याजोगी नोंद आहे. भेट झाली की पुढची तारीख कोणती मिळाली ते मला कळवा.